वाहनतळाचे पुनर्डांबरीकरण

वाहनतळाचे पुनर्डांबरीकरण म्हणजे दुकाने, कार्यालये, उपाहारगृहे, रुग्णालये, गोदामे इत्यादी व्यावसायिक मिळकतींच्या आवारातील डांबरी वाहनतळाचा जीर्ण झालेला पृष्ठभाग दुरुस्त करून त्यावर नवा डांबरी थर घालणे होय. या कामात खडीचा पाया शाबूत ठेवून केवळ वरचा थर बदलला किंवा वाढवला जातो. पायासकट सारे उकरून नव्याने घडवल्यास त्यास पुनर्बांधणी म्हणतात आणि तिचा खर्च कितीतरी अधिक असतो. अमेरिकेत व कॅनडात दुकानसंकुलांभोवती विस्तीर्ण उघडे वाहनतळ असल्यामुळे तेथे हा एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. भारतात हे काम बहुधा रस्त्यांची कामे करणारे ठेकेदारच करतात.

संज्ञा

मराठीत 'डांबर' हा शब्द दोन भिन्न पदार्थांसाठी सरसकट वापरला जातो. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात अखेरीस उरणारा काळा, चिकट पदार्थ म्हणजे बिटुमिन. दगडी कोळशापासून कोक तयार करताना निघणारा पदार्थ म्हणजे कोलटार. आजच्या रस्त्यांवर आणि वाहनतळांवर खडी बांधून ठेवण्यासाठी वापरले जाते ते बिटुमिन होय. कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीन मात्र परंपरेने कोलटारपासून मिळवले जात आले आहे. गोळ्यांच्या नावातील डांबर ते हे. दोन्ही पदार्थ दिसायला सारखे असले तरी त्यांतील फरक केवळ शब्दांचा नाही, कारण पुढे वर्णिलेला कोलटार लेपाचा वाद त्या फरकावरच उभा आहे.

बिटुमिन आणि खडी, कच, वाळू व दगडाची भुकटी यांच्या मिश्रणाला अस्फाल्ट किंवा डांबरी काँक्रीट म्हणतात. या मिश्रणात वजनाने सुमारे ९५ टक्के दगडी माल आणि ५ टक्क्यांच्या आसपास बिटुमिन असते. सारी मदार मात्र त्या पाच टक्क्यांवर असते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील पहिल्या डांबरी रस्त्यांपैकी एक एडमंड डी स्मेट या बेल्जियन रसायनतज्ज्ञाने १८७० साली न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क शहरात केला. मोटारींचा प्रसार झाल्यावर दुकानांपुढे गाड्यांसाठी स्वतंत्र जागा राखण्याची प्रथा पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली, तशी दुकानसंकुले आणि त्यांभोवतीचे वाहनतळ प्रचंड प्रमाणावर बांधले गेले. मिनेसोटा राज्यातील ईडायना येथे १९५६ मध्ये उघडलेल्या साउथडेल या बंदिस्त दुकानसंकुलाभोवतीही हजारो गाड्यांची सोय होती. त्या काळात घातलेले थर जीर्ण होऊ लागले, तेव्हा त्यांवर पुन्हा पुन्हा नवे थर घालण्याची वेळ आली. १९७० च्या दशकात तेलसंकटामुळे बिटुमिन महागले आणि जुना थर खरवडून तोच माल नव्या मिश्रणात वापरण्याच्या पद्धतीला चालना मिळाली.

रस्ता आणि वाहनतळ यांतील फरक

वाहनतळ म्हणजे रुंद रस्ता, असे समजून केलेली कामे लवकर बिघडतात. रस्त्यावरील डांबर सततच्या वाहतुकीने दाबले जाते, आणि त्याची झीज मुख्यतः भारामुळे होते. वाहनतळावर वर्दळ कमी व वेग मंद असल्याने तेथील डांबर वाहनांपेक्षा ऊन, हवा आणि पाऊस यांनीच अधिक म्हातारे होते. प्राणवायू व अतिनील किरण यांच्यामुळे बिटुमिनमधील हलके घटक कमी होतात, ते कडक व ठिसूळ बनते आणि काळ्याचे राखाडी दिसू लागते. नव्या डांबरावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम ५ टक्के परावर्तित होतो. जुन्यावर हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांपर्यंत जाते, इतका हा रंगबदल असतो.

दुसरा फरक उभ्या गाड्यांचा आहे. एकाच ठिकाणी रोज गाडी उभी राहिली की इंजिनातील तेल थेंबथेंब त्याच जागी गळते. बिटुमिन हा तेलाचाच भाऊबंद असल्याने तेलात व पेट्रोलमध्ये तो विरघळतो, आणि तेवढा चौकोन मऊ पडून खडी सुटू लागते. जागेवरच स्टिअरिंग फिरवल्याने चाकाखालचा पृष्ठभाग पिळला जातो. मोटारसायकलच्या स्टँडचा टोकदार भार उन्हाळ्यात थरात रुततो. मालवाहू ट्रक व कचरागाड्या ज्या कोपऱ्यात येतात तेथे तर मोटारींसाठी आखलेली जाडी पुरतच नाही. म्हणून माल उतरवण्याच्या व कचरापेट्यांच्या जागी, तसेच पेट्रोलपंपावर इंधन भरण्याच्या जागी डांबराऐवजी सिमेंट काँक्रीट घालणे इष्ट मानले जाते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा फरक पाण्याचा आहे. रस्त्याला मध्ये उंचवटा असून पाणी दोन्ही कडांना वाहून जाते. वाहनतळ चहूकडे पसरलेला व जवळजवळ सपाट असतो. त्याला किमान १ टक्का, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर उतार द्यावा लागतो, आणि त्यापेक्षा थोडा अधिक दिलेला बरा. त्याहून कमी उतारात रोलरच्या किंचित चुकीनेही डबकी साचतात.

बिघाडाची लक्षणे

पृष्ठभागावरील खुणा वाचता आल्या तर आतील दोष कळतो. खडीचे कण सुटून पृष्ठभाग खरबरीत झाला असेल तर बिटुमिन ठिसूळ झाले आहे, पण थर अजून भक्कम असू शकतो. मोठ्या चौकोनी भेगा ऊन-थंडीने होणाऱ्या आकुंचनाच्या असतात. चाकांच्या वाटेवर मगरीच्या पाठीसारखे बारीक तुकड्यांचे जाळे दिसले, तर मात्र दोष वरचा नाही. खालचा पाया भिजून किंवा भाराने थकून हार मानतो आहे, असे समजावे. या जाळ्यांवर नुसता नवा थर घातला, तर एकदोन पावसाळ्यांत तेच जाळे नव्या थरावर उमटते. डांबर खर्ची पडते आणि दोष जागच्या जागी राहतो.

भेगा नव्या थरातून वर येण्याच्या या प्रकाराला परावर्तित भेगा म्हणतात. थंड हवामानाच्या प्रदेशांत त्या वर्षाला साधारण इंचभर वर सरकतात, असा कामगारांचा ठोकताळा आहे. दोन इंची थराचे आयुष्य त्यावरून ताडता येते.

अवस्थेचे मोजमाप करण्यासाठी अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाने विकसित केलेला फरसबंदी स्थितिनिर्देशांक वापरतात. तो ० ते १०० या मापात असतो. रस्ते व वाहनतळ यांसाठी त्याची रीत एएसटीएम डी ६४३३ या मानकात दिलेली आहे. पाहणी पावसानंतर केली तर अधिक उपयोगी ठरते, कारण पाणी कोठे थांबते ते डोळ्यांनी दिसते. थराची खरी जाडी कळण्यासाठी मात्र गाभ्याचे नमुने काढावेच लागतात.

पद्धती

भेग सुटी व कोरडी करून तीत रबरमिश्रित गरम भरण ओतणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि खर्चाच्या मानाने त्याचा लाभही सर्वाधिक आहे. त्यानंतर लेपाचा क्रम लागतो. इमल्शनमध्ये बारीक वाळू मिसळून त्याचे एक-दोन हात देतात. या लेपाने पृष्ठभाग काळाभोर दिसतो आणि ऊन, पाणी व तेल यांपासून काही काळ बचाव होतो, पण थराची ताकद तसूभरही वाढत नाही. मिळकत विकण्यापूर्वी किंवा भाड्याने देण्यापूर्वी असा लेप देऊन मगरपाठी भेगा झाकण्याचा प्रकार सर्रास चालतो. नव्या डांबरावर लगेच लेप देऊ नये. त्यातील हलके घटक निघून पृष्ठभाग पक्का होण्यास काही महिने जाऊ द्यावे लागतात.

खऱ्या अर्थाने पुनर्डांबरीकरण म्हणावे असे प्रकार दोन आहेत. एकात जुन्या पृष्ठभागावर सरळ नवा थर चढवतात. त्याची दबलेली जाडी सहसा ४० ते ५० मिलिमीटर असते. दुसऱ्यात दातेरी ढोलाच्या यंत्राने जुना थर ठरावीक खोलीपर्यंत खरवडून काढतात व तेवढ्याच जाडीचा नवा थर घालतात. पहिला स्वस्त पडतो, पण वाहनतळाची उंची वाढते. सहा इंच उंच कठड्यापाशी दोन इंचांचा थर चढला की कठडा चार इंचांचा उरतो. असे दोनदा झाले तर पाणी कठडा ओलांडून दुकानात शिरते. गटारांच्या जाळ्या व मेनहोलची झाकणे खड्ड्यात राहतात आणि दाराचा उंबरा जमिनीला टेकू लागतो. त्यामुळे निदान कडांना व दारांपाशी तरी खरवडणे अपरिहार्य ठरते.

मगरपाठी भेगांचे क्षेत्र एकूण क्षेत्राच्या पाव ते तृतीयांश भागापेक्षा जास्त झाले, की थर चढवण्यात हशील राहत नाही. अशा वेळी जुना थर पायाच्या खडीसह जागेवरच दळून, त्यात सिमेंट किंवा बिटुमिन इमल्शन मिसळून नवा पाया करतात, अथवा सरळ पुनर्बांधणी करतात.

कामाची रीत

नव्या थराचे यश त्याआधीच्या झाडलोटीवर अवलंबून असते, हे वाचताना क्षुल्लक वाटेल. जुन्या व नव्या थरांमध्ये धूळ राहिली तर ते एकमेकांना चिकटत नाहीत, आणि वळणाऱ्या चाकाखाली वरचा थर पापुद्र्यासारखा सरकतो. म्हणून कमकुवत जागा आधी चौकोनी कापून पायापर्यंत उकरतात, खडी भरून दाबतात व ठिगळ लावतात. तेलाचे डाग खरवडून काढतात. मग सारा पृष्ठभाग झाडून, हवेच्या झोताने स्वच्छ करून त्यावर इमल्शनचा पातळ फवारा मारतात. त्याला टॅक कोट म्हणतात. जुन्या डांबरी पृष्ठभागासाठी त्याचे प्रमाण भारतीय विनिर्देशांनुसार दर चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो असते. फवारा मारताच रंग तपकिरी असतो; पाणी सुटून तो काळा झाला, की थर घालायला हरकत नसते. तपकिरी फवाऱ्यावरच घाईने मिश्रण ओतणे ही नेहमीची चूक आहे.

त्यानंतर सारा खेळ तापमानाचा असतो. भारतात सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या बिटुमिनचे मिश्रण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला तयार होते. पसरताना ते किमान १४० अंश असावे आणि रोलर फिरताना ९० अंशांखाली गेलेले नसावे. ट्रकवर ताडपत्री नसली किंवा ट्रक वाटेत अडकला तर मिश्रण वरून थंड पडते आणि त्यात गोळे होतात. पेव्हर यंत्राने सैल थर अपेक्षित जाडीपेक्षा सुमारे पाव पटीने जास्त पसरतात, म्हणजे ५० मिलिमीटरसाठी ६० ते ६५ मिलिमीटर. मग लोखंडी व हवेच्या चाकांचे रोलर फिरवतात. रोलरला मिश्रण चिकटू नये म्हणून ढोलावर पाणी शिंपडतात. त्यासाठी डिझेल वापरण्याची खोड काही ठिकाणी दिसते. त्याने बिटुमिन विरघळते. दाबणे पूर्ण झाल्यावर थरात हवेच्या पोकळ्या ७ ते ८ टक्क्यांपेक्षा जास्त उरू नयेत. त्याहून जास्त राहिल्या तर पाणी व हवा आत शिरतात, आणि जाडी, माल व मजुरी सारे चोख असूनही थर अकाली म्हातारा होतो.

हिशेब सोपा आहे. १,००० चौरस मीटरवर ५० मिलिमीटरचा दबलेला थर म्हणजे ५० घनमीटर, आणि घनमीटरला सुमारे २.४ टन धरल्यास १२० टन मिश्रण लागते. ठेकेदाराने ट्रकांच्या वजनपावत्या दिल्या तर प्रत्यक्ष किती जाडी पडली हे कोणत्याही मालकाला गुणाकार-भागाकाराने ताडता येते. ही तपासणी फुकट असते, तरी बहुतेक मालक ती करत नाहीत.

व्यवसाय चालू ठेवून काम करायचे असल्याने वाहनतळाचे भाग पाडून रात्री किंवा सुटीच्या दिवशी काम करतात. नवा थर थंड झाला की गाड्यांना खुला करता येतो. लेप दिला असेल तर मात्र तो सुकेपर्यंत एक-दोन दिवस गाड्या बंद ठेवाव्या लागतात.

अपंगांसाठी राखीव जागा

अमेरिकेत १९९० च्या अपंग नागरिक कायद्यानुसार वाहनतळाचे पुनर्डांबरीकरण, इतकेच काय पट्ट्यांची नव्याने आखणीही, बदल मानली जाते आणि त्या वेळी २०१० ची मानके लागू होतात. राखीव जागेचा व तिच्या शेजारच्या मोकळ्या पट्ट्याचा उतार कोणत्याही दिशेने ४८ ला १ पेक्षा अधिक नसावा. पट्टा किमान ६० इंच, म्हणजे सुमारे दीड मीटर रुंद असावा. व्हीलचेअर गाडीतून उतरवताना उतारावरून घरंगळू नये, हा त्यामागचा हेतू आहे. पाण्यासाठी उतार हवा आणि चाकाच्या खुर्चीसाठी सपाटी हवी, या दोन गरजांमध्ये अंतर इतके थोडे आहे की नवा थर घालताना जुन्या दोषांवर तोच दोष चढवला जाण्याचा संभव असतो. दुकानाच्या दारापाशी थर संपतो तेथे राहिलेली पाव इंचाहून मोठी उभी पायरीही चालत नाही. धडधाकट माणसाला ती दिसतही नाही. खुर्चीचे पुढचे लहान चाक मात्र तिथेच अडते.

भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत राखीव जागा ३.६ मीटर रुंद, ५ मीटर लांब आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी, असे सांगितले आहे. प्रत्यक्षात नवे डांबर पडले की जुने चिन्ह खाली गाडले जाते आणि पांढऱ्या पट्ट्या मारताना ते पुन्हा काढायचे राहून जाते.

कोलटार लेपाचा वाद

अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागात वाहनतळांवर देण्याचे लेप दीर्घकाळ कोलटारचे असत. पश्चिमेकडे बिटुमिनचे लेप रूढ होते. कोलटारवर तेलाचा परिणाम होत नाही, हा त्याचा मोठा गुण सांगितला जाई. अशा लेपात साधारणतः २० ते ३५ टक्के कोलटार पिच असते. त्यात बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन नावाची संयुगे विपुल असतात, आणि त्यांपैकी कित्येक कर्करोगजनक ठरली आहेत.

टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात ओढ्यांच्या गाळात ही संयुगे अनपेक्षितपणे जास्त आढळली. उगमाचा माग काढता तो लेप दिलेल्या वाहनतळांपाशी पोहोचला. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या बार्बरा माहलर, पीटर व्हॅन मीटर व सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाहनतळांवरून वाहून येणाऱ्या कणांतील या संयुगांचे सरासरी प्रमाण मांडले. लेप नसलेल्या वाहनतळांवर ते दर किलोमागे ५४ मिलिग्रॅम होते, बिटुमिनच्या लेपावर ६२० आणि कोलटारच्या लेपावर ३,५०० मिलिग्रॅम. चाकांखाली लेप झिजतो, त्याची भुकटी पावसाबरोबर ओढ्यात आणि पायताणांबरोबर घरात जाते. पुढे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलटार लेपाच्या वाहनतळालगतच्या घरांतील धुळीत ही संयुगे इतर घरांच्या सुमारे २५ पट आढळली. जमिनीवर रांगणाऱ्या व हात तोंडात घालणाऱ्या मुलांना या धुळीचा धोका अधिक असतो.

ऑस्टिनने १ जानेवारी २००६ पासून कोलटार लेपावर बंदी घातली. अशी बंदी घालणारे ते अमेरिकेतील पहिले शहर होय. वॉशिंग्टन डी.सी. येथे २००९ मध्ये, वॉशिंग्टन राज्यात २०११ मध्ये आणि मिनेसोटात २०१४ पासून बंदी आली. लेप बनवणाऱ्या उद्योगाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतले व प्रदूषणाचे इतर उगम पुढे केले. बंदीनंतरच्या वर्षांत ऑस्टिनच्या लेडी बर्ड सरोवरातील गाळात या संयुगांचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे त्याच संशोधकांनी पुढे दाखवले.

भारतातील स्थिती

भारतातील नव्या व्यापारी संकुलांत वाहनतळ बहुधा तळघरात असतो, आणि उघड्या जागेत सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवण्याकडे कल आहे. डांबरी वाहनतळ औद्योगिक वसाहती, गोदामे, महामार्गावरील हॉटेले, मंगल कार्यालये आणि बाजार समित्यांची आवारे येथे अधिक आढळतात. छोट्या कामांवर अजूनही पिंपात डांबर तापवून झारीने शिंपडण्याची रीत दिसते. तीत तापमानावर कसलेच नियंत्रण राहत नाही.

महाराष्ट्रात व गोव्यात कामाचा हंगाम पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंतचा असतो. पृष्ठभाग ओला असताना, पाऊस येण्याच्या बेतात असताना किंवा हवेचे तापमान १० अंशांखाली असताना डांबरी थर घालू नये, असे रस्ते मंत्रालयाचे विनिर्देश सांगतात. कोकण व गोव्यात मुख्य शत्रू पाणी आहे. भेगेतून झिरपलेले पाणी खडीवरील बिटुमिन सोडवते. ते टाळण्यासाठी मिश्रणात विरलेला चुना घालतात. विदर्भ व मराठवाड्यात काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरमाचा पुरेसा भराव न करता केलेल्या वाहनतळावर कितीही वेळा डांबर घातले तरी भेगा पुन्हा त्याच रेषांवर उघडतात.

ठेका देताना

या व्यवसायात फसवणुकीचे प्रकार जुने आहेत. जवळच्या कामावरून उरलेले मिश्रण स्वस्तात घालून देतो, असे सांगत दारी येणारी टोळी हा अमेरिका व ब्रिटनमध्ये इतका परिचित प्रकार आहे की ग्राहक संरक्षण संस्था त्याविषयी वारंवार इशारे देतात. लेपात प्रमाणाबाहेर पाणी मिसळणे हा दुसरा प्रकार. पहिले काही आठवडे दोन्ही कामे सारखीच काळी दिसतात.

त्यामुळे करारात नुसते 'दोन इंच डांबर' असे न लिहिता दबल्यानंतरची जाडी, मिश्रणाची प्रत, टॅक कोट, दुरुस्त करायच्या जागांचे क्षेत्र व काम पूर्ण झाल्यावर पाणी ओतून निचरा दाखवण्याची अट नमूद करतात. कोणत्या गटाराकडे किती उतार हवा, हेही आराखड्यावर दाखवलेले असावे. भाडेकरू व मालक यांच्यात खर्चाची वाटणी असेल, तर भेगा बुजवणे व लेप देणे ही देखभाल आणि नवा थर घालणे हा भांडवली खर्च, असा भेद भाडेकरारात केलेला असतो. तो नसल्यास वाद बहुधा पहिल्या मोठ्या खड्ड्यापाशी सुरू होतो.